शेल-स्क्रिप्टचे लेखन आणि दोषशोधन : मराठी नोंदींच्या संदर्भात

संगणकाच्या कार्यप्रणालीला मजकुराच्या ओळींतून काम सांगण्यासाठी जो प्रोग्राम वापरला जातो त्याला शेल म्हणतात. आणि एरवी एकेक करून टाइप कराव्या लागणाऱ्या आज्ञा क्रमाने एका फाइलीत लिहून ती फाइल शेलकडे चालवण्यासाठी दिली, म्हणजे ती शेल-स्क्रिप्ट होते. व्याख्या इतकी साधी असल्यामुळे आज्ञा पाठ झाल्या की स्क्रिप्ट लिहिता येते, असा समज सर्वत्र आढळतो, आणि बहुतेक वर्गांत शिकवणीही त्याच समजावर चालते. वस्तुतः शेल लिहिलेली ओळ जशीच्या तशी पुढे पाठवत नाही. ते तिच्यातील चलांच्या जागी किमती घालते, मोकळ्या जागांवर तिचे तुकडे पाडते, तारांकित नमुन्यांचा फाइलींच्या नावांत विस्तार करते आणि या सर्व फेरफारानंतर उरलेले शब्द संबंधित आज्ञेच्या हाती देते. स्क्रिप्टमधील बहुतेक दोष लिहिलेली ओळ आणि आज्ञेच्या हाती पडलेले शब्द यांच्यामधील अंतरात राहतात, म्हणून हे अंतर पाहण्याची सवय आज्ञांच्या पाठांतराआधी लावून घेणे हितावह आहे.

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे हातमागाच्या विणकामासाठी आणि जवळच्या गुमगाव येथील मँगनीजच्या खाणीसाठी परिचित असलेले, नगरपरिषद असलेले लहान शहर आहे. अशा शहरांतील कार्यालये, पतसंस्था, शाळा आणि विणकरांच्या सहकारी संस्था यांच्याकडील नोंदी आता संगणकावर असतात, परंतु त्या मराठीत असतात, फाइलींची नावेही पुष्कळदा मराठीत असतात, आणि परदेशी लेखकांनी लिहिलेली शेलची पाठ्यपुस्तके अशा नोंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नसतात. पुढील विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेतले आहे : शहरातील प्रत्येक प्रभागाच्या पाणीपट्टीची एक फाइल आहे, तिच्यात ग्राहक क्रमांक, नाव, प्रभाग आणि थकबाकी हे चार रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आहेत, आणि दरमहा सर्व फाइलींची प्रत काढून थकबाकीची एकूण बेरीज करायची आहे. आज्ञा आणि चलांची नावे कळफलकावर रोमन लिपीतच टाइप करावी लागतात. या लेखात ती केवळ उच्चाराने दिली आहेत. चलाचे नाव देवनागरीत ठेवण्याची मुभा बॅश हे शेल देत नाही, मात्र चलात साठवलेली किंमत देवनागरीत असण्यास कोणताही प्रत्यवाय नाही.

कोणत्या शेलसाठी लिहायचे, हा प्रश्न शिकणाऱ्याने प्रारंभीच मिटवावा. युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ साली स्टीफन बोर्न यांचे शेल प्रसृत झाले आणि आजची बहुतेक शेले त्याच वंशातील आहेत. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेले बॅश हे त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित. तथापि उबंटू या लिनक्स-प्रणालीने २००६ पासून 'एसएच' या नावामागे बॅश न ठेवता डॅश हे लहान व वेगवान शेल ठेवले आहे, तर मॅक संगणकांनी २०१९ पासून झी-शेल हे मूळ शेल म्हणून स्वीकारले. परिणामी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, म्हणजे हॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ज्या ओळीवरून स्क्रिप्ट कोणी चालवायची हे ठरते त्या ओळीत, 'एसएच' लिहून खाली बॅशची खास वैशिष्ट्ये वापरली, तर तीच स्क्रिप्ट एका यंत्रावर निर्वेध चालते आणि दुसऱ्यावर दुहेरी चौकटी कंसाची आज्ञा सापडत नाही अशी तक्रार करते. नवशिक्याने पहिल्या ओळीत बॅशचे नाव स्पष्ट लिहावे आणि सर्व यंत्रांवर चालणारी स्क्रिप्ट लिहिण्याचा हव्यास काही काळ बाजूला ठेवावा. सरावासाठी स्वतंत्र संगणक लागतोच असे नाही. विंडोजमध्ये लिनक्सची उपप्रणाली बसवता येते, आणि टर्मक्स हे ॲप असलेल्या अँड्रॉइड भ्रमणध्वनीवरही बॅश पूर्णपणे चालते.

शब्दविभाजन, म्हणजे मोकळ्या जागेवर ओळीचे तुकडे पडणे, हा विषय पाठ्यपुस्तकांत दोन परिच्छेदांत आटोपला जातो, पण त्याच्यावर जितका वेळ खर्च करावा तितका थोडाच. समजा, एका फाइलीचे नाव 'पाणीपट्टी प्रभाग ३' असे आहे आणि ते नाव 'फाइल' या चलात साठवले आहे. प्रत काढणाऱ्या 'सीपी' या आज्ञेपुढे डॉलर चिन्हासह चलाचे नाव उघडे लिहिले, तर शेल त्याच्या जागी किंमत घालते, तिच्यातील दोन मोकळ्या जागांवर तिचे तीन शब्द करते, आणि 'सीपी'ला पाणीपट्टी, प्रभाग आणि ३ या तीन वेगळ्या फाइली शोधाव्या लागतात, ज्यांपैकी एकही अस्तित्वात नसते. तेच चल दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले तर किंमत घातली जाते पण तुकडे पडत नाहीत. एकेरी अवतरणचिन्हांत लिहिले तर किंमतही घातली जात नाही आणि डॉलर चिन्ह अक्षरशः पुढे जाते. म्हणून चल वापरताना ते दुहेरी अवतरणात ठेवणे हा नियम मानावा आणि न ठेवणे हा अपवाद, ज्याचे कारण लिहिणाऱ्याला सांगता आले पाहिजे. किंमत देताना मात्र बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची नाही, आणि अट तपासणाऱ्या चौकटी कंसाच्या आत दोन्ही बाजूंना ती सोडायचीच, हे दोन नियम परस्परविरुद्ध भासतात. परंतु उघडणारा चौकटी कंस ही स्वतःच एक आज्ञा आहे आणि आज्ञेनंतर मोकळी जागा लागतेच, हे कळले की विरोध मावळतो.

एका मोकळ्या जागेची किंमत किती होऊ शकते, याची नोंदलेली उदाहरणे आहेत. २०११ साली बंबलबी या लिनक्सवरील सॉफ्टवेअरच्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्ये एक विशिष्ट पोटनिर्देशिका पुसून टाकणाऱ्या ओळीत मार्गाच्या मध्यभागी एक मोकळी जागा राहून गेली, त्यामुळे 'आरएम' या आज्ञेला एकाऐवजी दोन मार्ग मिळाले आणि त्यांपैकी पहिला 'यूएसआर' ही प्रणालीची संपूर्ण निर्देशिका हा होता. २०१५ च्या आरंभी स्टीम या खेळांच्या प्रणालीच्या लिनक्स आवृत्तीतील असाच दोष उघडकीस आला. तेथे चल अवतरणचिन्हांत होते, पण ते काही परिस्थितीत रिकामे राहत असे, आणि रिकाम्या चलापुढे तिरपी रेघ व तारांकन आले की पुसण्याची आज्ञा मूळ निर्देशिकेपासून सुरू होई. दुसरे उदाहरण अधिक उद्बोधक आहे, कारण अवतरणचिन्हांचा नियम पाळूनही चूक घडते हे त्यातून दिसते. चलाच्या नावाभोवती महिरपी कंस घालून नावानंतर अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह लिहिले, तर चल रिकामे असताना शेल ती ओळ चालवण्याचे नाकारते आणि स्क्रिप्ट थांबवते. पुसण्याच्या प्रत्येक ओळीत हा बंदोबस्त असावा, आणि स्क्रिप्ट तयार होत असताना 'आरएम'च्या जागी 'एको' लिहून कोणती नावे पुसली जाणार आहेत ती आधी पडद्यावर वाचून घ्यावीत.

दोषशोधनाची पहिली पायरी म्हणजे स्क्रिप्ट न चालवता केवळ तिचे व्याकरण तपासणे, आणि त्यासाठी बॅशला 'एन' हा पर्याय उणे चिन्हासह द्यावा. न मिटलेले अवतरणचिन्ह किंवा 'इफ'ला न जुळणारे 'फाय' यांसारखे दोष तेथेच उघड होतात, मात्र शेल सांगत असलेला ओळ-क्रमांक दोष सुरू झाला तेथील नसून शेलला तो जाणवला तेथील असतो, त्यामुळे न मिटलेल्या अवतरणचिन्हाची तक्रार पुष्कळदा फाइलीच्या अगदी शेवटच्या ओळीविषयी येते आणि ते चिन्ह शोधायला वर सरकत जावे लागते. दुसरी आणि खरी पायरी 'एक्स' हा पर्याय. तो दिला असता शेल प्रत्येक आज्ञा चालवण्यापूर्वी, सर्व फेरफार झाल्यानंतरच्या रूपात, अधिक चिन्हासह पडद्यावर लिहिते. मोकळी जागा असलेला शब्द तेथे एकेरी अवतरणात दिसतो आणि रिकामा शब्द दोन लागोपाठ अवतरणचिन्हांच्या रूपाने. लिहिलेली ओळ आणि पोहोचलेले शब्द शेजारी ठेवून वाचण्याची सोय हीच. 'पीएस-फोर' या चलात ओळ-क्रमांक देणारे 'लाइननो' हे चल एकेरी अवतरणात ठेवले, तर प्रत्येक नोंदीपुढे मूळ ओळीचा क्रमांकही येतो, आणि संपूर्ण स्क्रिप्टचा माग नको असेल तेव्हा संशयित भागाच्या आधी 'सेट' या आज्ञेने उणे एक्स चालू करून नंतर अधिक एक्सने बंद करता येतो.

माग वाचताना दोष कोठे दिसेना, तर स्क्रिप्ट अर्धी करून पाहावी. चार आज्ञा पाइपने, म्हणजे एकीचे उत्पादन दुसरीला कच्चा माल म्हणून देणाऱ्या उभ्या रेघेने, जोडलेल्या असतील तर पहिलीचेच उत्पादन एका तात्पुरत्या फाइलीत उतरवून ते डोळ्यांनी वाचावे, मग दुसरी जोडावी. हे काम कंटाळवाणे वाटते आणि त्यामुळेच ते टाळून स्क्रिप्टमध्ये अंदाजाने बदल करीत राहण्याची प्रवृत्ती बळावते, ज्यातून मूळ दोषावर नव्या दोषांची पुटे चढतात.

प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते, त्याला एक्झिट स्टेटस म्हणतात; शून्य म्हणजे काम झाले, अन्य कोणताही अंक म्हणजे झाले नाही. शेल मात्र आज्ञा फसली तरी निमूटपणे पुढच्या ओळीकडे जाते, आणि म्हणून स्क्रिप्टच्या आरंभी 'सेट'ला 'ई', 'यू' आणि 'पाइपफेल' हे तीन पर्याय द्यावेत असा सल्ला सर्रास दिला जातो : पहिल्याने फसलेल्या आज्ञेवर स्क्रिप्ट थांबते, दुसऱ्याने किंमत न दिलेले चल वापरल्यास ती थांबते, आणि तिसऱ्यामुळे पाइपमधील मधल्या आज्ञेचे अपयश झाकले जात नाही. 'यू' आणि 'पाइपफेल' यांच्याविषयी फारसा मतभेद नाही. 'ई'वर मात्र विसंबून राहणे धोक्याचे आहे, कारण 'इफ'च्या अटीत, किंवा दोन आज्ञा 'अँड'-'ऑर' चिन्हांनी जोडलेल्या असताना शेवटची वगळता अन्यत्र, अपयश आले तर तो पर्याय लागू होत नाही. आणि ज्या फंक्शनला अशा अटीत बोलावले जाते त्याच्या आतील सर्व ओळींनाही तो लागू होत नाही. जेथे अपयश खरोखर महत्त्वाचे आहे, उदाहरणार्थ निर्देशिका बदलणाऱ्या 'सीडी' आज्ञेनंतर लगेच पुसण्याची आज्ञा येते तेथे, अपयशाची स्पष्ट तपासणी हाताने लिहिलेलीच बरी.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेच्या नोंदींना लागू पडते. मराठी नोंदींमुळे निर्माण होणारे दोष निराळे असून ते अधिक काळ लपून राहतात. पाणीपट्टीच्या फाइलीत थकबाकीचे आकडे काही कारकुनांनी देवनागरी अंकांत आणि काहींनी इंग्रजी अंकांत भरले आहेत, असे गृहीत धरावे. बॅशच्या अंकगणिताला देवनागरी अंक समजत नाहीत, आणि तेथे निदान दोषसंदेश तरी येतो. परंतु रकान्यांची बेरीज करण्यासाठी सहसा वापरली जाणारी 'ऑक' ही आज्ञा, ज्या शब्दाच्या आरंभी तिला ओळखीचा अंक सापडत नाही त्या शब्दाची किंमत शून्य धरते आणि काहीही न बोलता पुढे जाते. म्हणजे बेरीज येते, ती विश्वसनीयही दिसते, आणि देवनागरी अंकांतील सर्व थकबाकी तिच्यातून गळालेली असते. लाख-हजारांचे स्वल्पविराम आकड्यात घातलेले असतील तर गोंधळ आणखी वाढतो, कारण तेच चिन्ह रकाने तोडण्यासाठीही वापरलेले असते.

यावर उपाय म्हणून अंकांचे लिप्यंतर करताना 'टीआर' ही आज्ञा प्रथम सुचते, पण ग्नू संचातील 'टीआर' अक्षरांवर नव्हे तर बाइटांवर काम करते. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. 'खापा' या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात, युनिकोडला काने धरून चार चिन्हे दिसतात आणि फाइलीत बारा बाइट साठवले जातात. अंकांचे बाइट बदलू पाहणारी 'टीआर' नावांमधील अक्षरांचेही बाइट बदलते आणि संपूर्ण फाइल अवाचनीय करून ठेवते. त्याऐवजी 'सेड' या आज्ञेतील 'वाय' ही क्रिया वापरावी, जी दहा चिन्हांच्या एका मालिकेऐवजी दहा चिन्हांची दुसरी मालिका घालते, आणि यूटीएफ-८ची भाषास्थिती, म्हणजे लोकॅल, योग्य असल्यास चिन्हे नीट मोजते. ही अट महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

नावांचा शोध घेताना आणखी एक खोडा येतो. 'कऱ्हाडे' या आडनावातील अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो, आणि काही कळफलक तो साध्या 'र'ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून उमटवतात. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात, आणि 'ग्रेप' ही शोधाची आज्ञा बाइट जुळले तरच होकार देत असल्याने एकाच ग्राहकाचे नाव एका फाइलीत सापडते आणि दुसऱ्या फाइलीत सापडत नाही. असा संशय आल्यास ती ओळ 'ओडी' या आज्ञेला देऊन बाइटांचे आकडे प्रत्यक्ष पाहावेत. शक्य असेल तेथे जुळणी नावावर न करता ग्राहक क्रमांकावर करावी.

विंडोजवर तयार झालेल्या फाइलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य परतचिन्ह जादा असते, जे शेवटच्या रकान्याला चिकटून राहते आणि तुलना फसवते. स्क्रिप्टच विंडोजमधील संपादकात लिहिली असेल तर पहिल्या ओळीतील बॅशच्या नावाला ते चिकटते आणि प्रणाली अशा नावाचा प्रोग्राम अस्तित्वात नाही असे सांगते. लपलेली चिन्हे दाखवणारा 'कॅट'चा मोठ्या 'ए'चा पर्याय इंग्रजी मजकुरासाठी उत्तम असला तरी देवनागरी अक्षरांची तो दुर्बोध चिन्हावली करून टाकतो, म्हणून मराठी फाइलीसाठी 'फाइल' ही आज्ञा सोयीची, जी ओळीअखेरच्या चिन्हांचा प्रकार शब्दांत सांगते. दुरुस्ती 'डॉस-टू-युनिक्स' करते. शिवाय अशा फाइलींच्या शेवटच्या ओळीनंतर ओळसमाप्तीचे चिन्ह पुष्कळदा नसते, आणि 'व्हाइल' व 'रीड' यांच्या साध्या फेऱ्यात, म्हणजे फाइल एकेक ओळ करून वाचणाऱ्या लूपमध्ये, ती ओळ वगळली जाते : यादीतील अखेरचा ग्राहक दर महिन्याला सुटतो, आणि त्याची तक्रार असण्याचे काही कारण नसल्याने दोष वर्षानुवर्षे टिकतो.

त्याच फेऱ्यात बेरजेचा एक प्रसिद्ध सापळा आहे. 'कॅट'ने फाइल वाचून पाइपने ती 'व्हाइल'कडे पाठवली आणि आत बेरजेचे चल वाढवत नेले, तर फेरा संपल्यावर ते चल पुन्हा शून्य दाखवते. कारण बॅशमध्ये पाइपच्या उजवीकडील भाग स्वतंत्र उपशेलमध्ये, म्हणजे मूळ शेलच्या एका प्रतीमध्ये, चालतो आणि ती प्रत संपताच तिच्यातील किमतीही नाहीशा होतात. पाइप न वापरता फेऱ्याच्या अखेरीस 'लहान आहे' या चिन्हाने फाइल आत वळवली की किंमत टिकते, आणि खरे म्हणजे बेरीज 'ऑक'कडेच सोपवणे केव्हाही श्रेयस्कर. शेलचे काम अन्य आज्ञांची सांगड घालण्याचे आहे, हिशेब करण्याचे नव्हे.

हाताने चालवलेली स्क्रिप्ट निर्दोष ठरल्यावर ती दरमहा आपोआप चालावी म्हणून 'क्रॉन' या वेळापत्रक सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे दिली जाते, आणि तेथे तीच स्क्रिप्ट फसू शकते. क्रॉन वापरकर्त्याचे नेहमीचे वातावरण बरोबर आणत नाही : आज्ञा शोधण्याच्या मार्गांची यादी त्रोटक असते, चालू निर्देशिका वेगळी असते आणि लोकॅलही ठरवलेला नसू शकतो. लोकॅल नसेल तर 'सेड'ची वर सांगितलेली क्रिया दहा चिन्हांऐवजी तीस बाइट मोजते आणि दोन मालिकांची लांबी जुळत नाही असे म्हणून थांबते. 'एक्स' पर्यायाच्या मागामध्ये मराठी शब्दांऐवजी तिरप्या रेघांसह आकडे दिसू लागले, तर तेही याचेच लक्षण. म्हणून लोकॅल, मार्गांची यादी आणि निर्देशिका स्क्रिप्टच्या आरंभीच निश्चित करावी आणि दोषसंदेशांसह सर्व उत्पादन एका नोंदफाइलीत वळवावे. क्रॉनच्या वेळापत्रकात टक्केचिन्हाला ओळसमाप्तीचा अर्थ असतो, त्यामुळे तारखेचा साचा तेथे न लिहिता स्क्रिप्टच्या आत लिहावा. वीज मध्येच जाण्याची शक्यता धरून नवी यादी आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच 'एमव्ही'ने तिला खरे नाव द्यावे. दोन्ही नावे एकाच फाइल-प्रणालीवर असली तर अर्धवट यादी खऱ्या नावाखाली दिसत नाही.

तारखेतून महिना काढून त्यावर गणित करणारी स्क्रिप्ट जानेवारी ते जुलै बिनबोभाट चालते आणि ऑगस्टमध्ये अचानक थांबते, कारण शून्याने सुरू होणारा अंक बॅश अष्टमान पद्धतीतील समजते आणि त्या पद्धतीत आठ व नऊ हे अंकच नाहीत. सप्टेंबरनंतर दोष आपोआप नाहीसा होतो आणि वर्षभराने परततो. अंकापूर्वी दहा आणि हॅश चिन्ह लिहिले की तो दशमान धरला जातो. दिवसाच्या आकड्यावर गणित असेल तर हाच दोष दर महिन्याच्या आठ व नऊ तारखेला येतो, आणि निदान लवकर होते.

अध्ययनसाहित्याचा विचार करता, 'लेट अस सी' या ग्रंथामुळे देशभर परिचित झालेले नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'युनिक्स शेल प्रोग्रामिंग' हे इंग्रजी पुस्तक बोर्नच्या परंपरेतील शेलची मांडणी समजून घेण्यास उपयुक्त आहे, मात्र ते युनिक्सच्या काळातील असल्याने बॅशची नंतरची वैशिष्ट्ये बॅशच्याच माहितीपुस्तिकेतून वाचावी लागतात. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत, आणि इंग्रजीचा अडसर वाटणाऱ्यांनी आरंभ तेथून करावा. व्हिडार होलेन यांनी तयार केलेले शेलचेक हे मोफत साधन स्क्रिप्ट वाचून न घातलेली अवतरणचिन्हे, उपशेलमध्ये हरवणारी चले आणि रिकाम्या चलासह पुसण्याच्या ओळी दाखवते व प्रत्येक सूचनेला क्रमांक देते. देवनागरी अंक, 'ऱ'ची तीन रूपे किंवा सुटलेला अखेरचा ग्राहक त्याला दिसत नाही, कारण ते दोष स्क्रिप्टमध्ये नसून नोंदींमध्ये असतात. त्यांच्यासाठी दहा-बारा ओळींची एक चाचणी-फाइल हाताने तयार करावी, तिच्यात ही सर्व विक्षिप्त रूपे मुद्दाम घालावीत, बेरीज कागदावर करून ठेवावी, आणि स्क्रिप्टमध्ये कोणताही बदल केला की ती प्रथम याच फाइलीवर चालवावी.